मॅग्नम काडतूस : वेग कीं वजन ?



‘मॅग्नम’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ ‘मोठें’ एवढाच. इंग्लंडांत तो रुळला तो प्रथम दारूच्या दुकानांत. ज्या बाटलींत नेहमींच्या दुप्पट शॅंपेन मावते तिला तेथें मॅग्नम म्हणत. पुढें ह्या दारूचें नांव त्या दारूला मिळालें. ज्या काडतुसाच्या पुंगळींत त्याच जाडीच्या दुसऱ्या काडतुसापेक्षां बंदुकीची दारू अधिक भरलेली असते, त्यास बंदूकवाले मॅग्नम म्हणूं लागले. नांवांत मोठेपणा आला कीं गिऱ्हाईक येतें, हें व्यापाऱ्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

मी स्वतः शिकारी नव्हे. माझा जन्म मुलांस गणित आणि इतिहास शिकविण्यांत गेला. परंतु शिकारीचीं जुनीं पुस्तकें वाचण्याचा नाद मला पुष्कळ दिवसांचा आहे, आणि त्या पुस्तकांत एक वाद मला वारंवार भेटत आला आहे. शिकाऱ्यानें रायफल घ्यावी ती कोणत्या काडतुसाची ? हलकी गोळी अतिशय वेगानें फेंकणाऱ्या, कीं जड गोळी बेताच्या वेगानें ढकलणाऱ्या ? हा वाद शंभराहून अधिक वर्षें चालला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें आपल्या देशांतली हौशी शिकार संपली, आणि ती संपली हें उत्तम झालें. तरी हा वाद केवळ राजेरजवाड्यांच्या व साहेबलोकांच्या हौसेचा होता असें मात्र समजूं नये. गोळी लागूनहि न मेलेला वाघ रानांत निसटला, तर त्याची किंमत पुष्कळदां शिकारी देत नसे; ती देई डोंगरउतारावर गवत कापावयास गेलेली एखादी बाई. शिवाय ह्या वादाच्या इतिहासांत हिंदुस्थान सरकारचा एक हुकूम असा मध्यें येऊन बसला आहे कीं, त्यावांचून विलायतेंतल्या कारखानदारांचा अर्धा माल समजतच नाहीं.

प्रथम मोजमापें समजून घेऊं. रायफलीच्या गोळीचें वजन इंग्रज लोक ग्रेनमध्यें मोजतात. ७,००० ग्रेनांचा एक पौंड. आपणांस ह्याहून सोईचें माप आहे. कंपनी सरकारनें १८३३ सालीं तोळा ठरविला तो बरोबर १८० ग्रेनांचा. तेव्हां १८० ग्रेनांची गोळी म्हणजे एक तोळा शिसें, आणि हत्तीच्या शिकारीची ४८० ग्रेनांची गोळी म्हणजे दोन तोळे आठ मासे. गोळीची जाडी इंचाच्या हजारांशांत सांगतात. म्हणून ‘३७५’ म्हणजे एक इंचाचे ३७५ हजारांश. हे आंकडे पुष्कळदां नळीच्या मापाचे असतात, गोळीच्या नव्हेत. परंतु आपल्या कामापुरतें इतकें पुरे.

काळ्या दारूच्या काळांत निवड करण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. त्या दारूनें गोळीस एका मर्यादेपलीकडे वेग देतां येत नसे. मग अधिक जोर हवा असेल तर गोळीच मोठी करावयाची. ‘चार बोअर’ची बंदूक म्हणजे जिच्या मापाच्या चार शिशाच्या गोळ्यांचा एक पौंड भरतो अशी; एकेक गोळी जवळजवळ दहा तोळ्यांची ! सर सॅम्युएल बेकर ह्या प्रसिद्ध प्रवाशापाशीं तर अर्ध्या पौंडाचा गोळा फेंकणारी एक बंदूक होती. तिला तो लाडानें ‘बेबी’ म्हणे, आणि त्याच्याबरोबरचे अरब तिला तोफेचें पोर म्हणत. ती उडवितांच हा धिप्पाड मनुष्य जागच्या जागीं गरकन् फिरे. हत्ती पडे हें खरें, परंतु ती बंदूक हातीं घ्यावयाची तिच्या मालकालाच धास्ती वाटे.

वेगाची हौस नव्हती असें नाहीं. १८५६ च्या सुमारास लंडनच्या पर्डी ह्या बंदूकवाल्यानें हलकी गोळी व जास्त दारू अशी योजना करून आपल्या रायफलीस ‘एक्सप्रेस ट्रेन’ असें नांव दिलें. आगगाडीचें त्या काळीं सर्वांस कौतुक होतें. पुढें ‘ट्रेन’ गळाली आणि ‘एक्सप्रेस’ राहिली. हरणासारख्या जनावरावर ह्या रायफली चांगल्या चालत; परंतु जाड कातडीच्या व मोठ्या हाडांच्या जनावरावर हलकी गोळी वरच्यावर फुटून जाई. म्हणजे वेग कीं वजन ह्या वादाचें बीं काळ्या दारूंतच पेरलें गेलें होतें.

तें उगवलें बिनधुराच्या दारूनें. १८८९ सालीं एबल आणि ड्यूअर ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं कॉर्डाइट सिद्ध केलें. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडें व्हॅसलीन ह्यांच्या मिश्रणाच्या ह्या काड्या शेवयांसारख्या दिसतात. १८९८ सालीं रिग्बी कंपनीनें ह्याच दारूवर ४५० चें ‘नायट्रो एक्सप्रेस’ काडतूस काढलें. आतां गंमत पाहा. त्यापूर्वी इंग्रजी फौजेची जी मार्टिनी-हेन्री रायफल होती तिची गोळी ४८० ग्रेनांची, आणि ह्या नव्या काडतुसाची गोळीहि ४८० ग्रेनांचीच. मार्टिनीच्या गोळीचा वेग सेकंदास सुमारें १,३५० फूट, हिचा २,१५०. वेग दीडपटीहून थोडा अधिक झाला. परंतु गोळीच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. म्हणून शक्ति झाली अडीचपट. मार्टिनीची १,९०० फूट-पौंडांच्या थोडी वर, तर हिची ४,९०० च्या वर. दहा तोळ्यांच्या गोळ्यांच्या बंदुका ह्यानंतर अडगळींत पडल्या.

येथें तो हुकूम येतो. १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारनें ४५० मापाच्या रायफली व काडतुसें ह्यांची आयात बंद केली. सुदानांतहि तीच बंदी झाली. कारण शिकारीचें नव्हतें, राजकारणाचें होतें. फौजेनें टाकून दिलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातीं पुष्कळ गेल्या होत्या. शिकारीचें ४५० काडतूस त्या रायफलींत जसेंच्या तसें बसत नसे हें खरें. परंतु त्यांतली गोळी काढून मार्टिनीच्या पुंगळींत भरण्यास कितीसा उशीर? वंगभंगानंतरचे ते दिवस. सरकारच्या मनांत संशय भरलेला. शिकाऱ्यांच्या सोईचा विचार अशा वेळीं कोण करतो ?

पण विलायतेंतल्या बंदूकवाल्यांचें मोठें गिऱ्हाईक हिंदुस्थानांतच होतें. येथील संस्थानिक, येथील वनाधिकारी, येथील पलटणींतले अंमलदार. तें सोडून कसें चालेल ? म्हणून दोन-तीन वर्षांतच काडतुसांची एक नवी पिढी जन्मास आली : ४६५, ४७०, ४७५, ४७६. हीं माहितींत नसलेला मनुष्य त्यांची यादी वाचून समजतो कीं ह्यांत कांहीं तरी खोल शास्त्र असलें पाहिजे. शास्त्र एवढेंच कीं माप ४५० नसावें ! ४५० च्या गोळीची खरी जाडी इंचाचे ४५८ हजारांश, ४७० ची ४७५. फरक सतरा हजारांशांचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटराहूनहि कमी. हत्तीस किंवा गव्यास तो कळण्याचा संभव नाहीं. ह्या सर्वांत ४७० हें काडतूस अधिक टिकलें, कारण तें एका कंपनीनें आपल्यापाशींच न ठेवतां सर्वांस खुलें राहिलें, आणि म्हणून त्याचीं काडतुसें कोठेंहि मिळत. रानांत काडतूस मिळणें हा गुण कागदावरच्या शंभर फूट-पौंडांपेक्षां मोठा आहे.

हिंदुस्थानानें दुसरीहि एक गोष्ट कारखानदारांस शिकविली, ती उन्हाची. कॉर्डाइट तापलें म्हणजे अधिक जोरानें जळतें. लंडनच्या धुक्यांत तपासून पाहिलेलें काडतूस वैशाखाच्या उन्हांत नागपूर-जबलपुराकडच्या रानांत नेलें म्हणजे त्याच दारूचा दाब वाढे. दाब वाढला कीं पितळी पुंगळी फुगून नळींत घट्ट बसे आणि ती ओढून काढणारा आंकडा तिची कड सोडून सटके. पहिली गोळी झाडली आहे, वाघ जखमी होऊन वळला आहे, आणि पुंगळी निघत नाहीं. ह्याहून वाईट प्रसंग शिकाऱ्यावर येत नसे. ह्यावर उपाय म्हणून कारखानदारांनीं उष्ण देशांसाठीं दारू कमी घातलेलीं काडतुसें निराळीं काढलीं. आणि त्याहून शहाणपणाचा उपाय म्हणजे पुंगळीच मोठी करावयाची, म्हणजे दारू तेवढीच राहून तिला जागा ऐसपैस मिळते व दाब बेताचा राहतो. रिग्बीचें १९११ सालचें ४१६ काडतूस पाहिलें तर त्याची पुंगळी वाजवीपेक्षां फार मोठी वाटते. तो मोठेपणा डौलाचा नव्हता, उन्हाचा होता.

आतां वेगवाल्यांकडे वळूं. सर चार्ल्स रॉस ह्या स्कॉटिश उमरावानें १९०७ च्या सुमारास २८० चें एक काडतूस काढलें. गोळी सुमारें १४५ ग्रेनांची, म्हणजे एका तोळ्याच्याहि आंत. पण वेग सेकंदास सुमारें ३,००० फूट. त्या काळीं हा वेग अपूर्व होता. बिस्लेच्या नेमबाजीच्या सामन्यांत ह्या रायफलीनें मोठें नांव मिळविलें. गोळी इतकी सरळ जाई कीं दूरच्या हरणावर नेम धरतांना अंतराचा हिशेब करण्याचें कारणच पडूं नये. मोठ्या वेगाची गोळी जनावरास विजेसारखा धक्का देऊन पाडते, असा समज पसरला आणि लोक ही रायफल घेऊन सिंहाच्या शिकारीस जाऊं लागले.

त्यांत जॉर्ज ग्रे हे एक होते. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे ह्यांचे हे धाकटे बंधु. आफ्रिकेंत अनेक वर्षें काढलेले, घोड्यावर पक्के, नेमांत पक्के. १९११ च्या आरंभीं पूर्व आफ्रिकेंत, आज ज्यास केनिया म्हणतात तेथें, ते सर आल्फ्रेड पीझ ह्यांजबरोबर सिंहाच्या शिकारीस गेले असतां एक जखमी सिंह त्यांच्यावर चालून आला. ग्रे उतरून उभे राहिले आणि रॉसच्या २८० नें त्यांनीं गोळ्या झाडल्या. नेम चुकला नाहीं. गोळ्या सिंहास लागल्या. पण त्या वरच्यावर फुटल्या; चालून येणाऱ्या जनावराच्या आंतपर्यंत जाऊन त्याला थांबविण्याइतकें वजन त्यांच्या अंगीं नव्हतें. सिंहानें त्यांस गांठलें, आणि थोड्याच दिवसांत नैरोबी येथें त्यांचा अंत झाला. कागदावर पाहिलें तर त्या गोळीची शक्ति २,९०० फूट-पौंड होती. जुन्या मार्टिनीच्या दीडपट!

ह्या प्रसंगाची चर्चा शिकारी मंडळींत पुष्कळ दिवस चालली. पुढल्याच वर्षीं, १९१२ सालीं, लंडनच्या हॉलंड आणि हॉलंड कंपनीनें आपलें ३७५ मॅग्नम बाजारांत आणलें. ग्रे ह्यांच्या मृत्यूमुळें तें निघालें असें मी म्हणत नाहीं, कारण अशीं कामें एका वर्षांत होत नाहींत. पण ज्या प्रश्नाचें उत्तर लोक शोधीत होते त्याच्या अगदीं जवळ जाणारें असें तें होतें. ह्याची मोठी गोळी ३०० ग्रेनांची, म्हणजे एक तोळा आठ मासे. तिचा वेग सुमारें २,५०० फूट. शिवाय त्याच रायफलींत २७० आणि २३५ ग्रेनांच्या हलक्या गोळ्याहि चालत. एकच रायफल खांद्यावर घेऊन मनुष्य सकाळीं दूरच्या डोंगरावरचा बोकड मारूं शके आणि संध्याकाळीं गव्यासमोर उभा राहूं शके.

ह्या काडतुसाच्या बुडाशीं एक जाड पितळी पट्टा असतो. त्याविषयीं गैरसमज फार आहे. पट्टा पाहून लोकांस वाटतें कीं हा मजबुतीसाठीं आहे. खरी गोष्ट अशी : काडतूस नळींत किती आंत जावें ह्याला कोठें तरी अडथळा पाहिजे. जोडनळी बंदुकीच्या काडतुसास बुडाशीं बाहेर आलेली कड असते, ती अडते. खालच्या पेटींतून एकामागून एक काडतूस वर सरकविणाऱ्या रायफलींत ती कड एकमेकांत अडकते, म्हणून तेथें कड नसलेलीं काडतुसें घेतात आणि तीं खांद्यावर अडतात. परंतु ३७५ चा खांदा अगदीं उतरता, पुंगळी निमुळती. आणि ती तशी ठेवली ती आंत सहज शिरावी व तापली तरी सहज निघावी म्हणून. अशा उतरत्या खांद्यावर काडतूस बरोबर अडत नाहीं, म्हणून पट्टा. पुढें अमेरिकन कारखानदारांनीं सरळ खांद्याच्या काडतुसांसहि हा पट्टा लावला. तेथें त्याचें काम कांहीं नव्हतें. पण तोंपर्यंत पट्टा म्हणजे मॅग्नम असें गिऱ्हाइकाच्या मनांत बसलें होतें. आमच्याकडे कांहीं लोक चष्म्याची जरूर नसतां चष्मा लावीत, त्यांतलाच प्रकार.

गोळीच्या वजनाबरोबर तिच्या घडणीचाहि विचार करावा लागे, आणि येथें पुन्हां आपल्या देशाचें नांव येतें. तांबें-निकेलच्या कवचांत पूर्ण झांकलेली गोळी अंगांतून सरळ आरपार जाते. १८९० नंतर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले ह्यांनीं कवचाचें टोक उघडें ठेवून आंतलें मऊ शिसें मोकळें केलें. अशी गोळी अंगांत शिरतांच फुलासारखी उमलते. १८९९ च्या हेग येथील परिषदेंत युद्धांत अशा गोळ्या वापरण्यास मनाई झाली. शिकारींत मात्र त्या राहिल्या. वाघासारख्या मऊ अंगाच्या जनावरास उमलणारी, आणि हत्ती-गव्यासारख्या जाड हाडांच्या जनावरास घट्ट कवचाची, असा नियम पडला. जो शिकारी घाईंत ह्यांची अदलाबदल करी त्याच्या हातांतलें मॅग्नम मॅग्नम राहत नसे.

मग कोणतें काडतूस किती कामाचें हें मोजावें कसें ? जॉन टेलर ह्या आयरिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत वर्षानुवर्षें हत्ती मारले आणि १९४८ सालीं आफ्रिकेंतल्या रायफली व काडतुसें ह्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फूट-पौंडांवर त्याचा विश्वास नव्हता. त्यानें स्वतःचें एक गणित बसविलें : गोळीचें वजन, वेग आणि जाडी ह्यांचा गुणाकार करून त्यास ७,००० नीं भागावें. ह्या हिशेबानें ३७५ मॅग्नमचा आंकडा सुमारें ४० येतो, ४७० चा ७३. रॉसचा २८० काय येतो म्हणाल, तर १८ च्या आंत. आणि म्हाताऱ्या मार्टिनीचा ४२! म्हणजे फूट-पौंडांच्या तराजूंत रॉस वरचढ, तर टेलरच्या तराजूंत मार्टिनी त्याच्या दुपटीहून भारी. गणिताचा शिक्षक म्हणून मला हें सांगितलें पाहिजे कीं टेलरच्या सूत्रास पदार्थविज्ञानाचा आधार नाहीं. वजन व वेग ह्यांच्या गुणाकारास जाडीनें एकदां गुणावें, दोनदां नाहीं, हें कशावरून ? तें त्याच्या अनुभवाला जुळतें म्हणून, एवढेंच उत्तर आहे. मात्र चालून येणाऱ्या जनावरासमोर ज्यानें आयुष्य काढलें त्याच्या अनुभवाला कोणी हंसूं नये.

आणि तरीहि ह्या वादांत दोघांनाहि निरुत्तर करणारा एक मनुष्य होऊन गेला. डब्ल्यू. डी. एम्. बेल ह्या स्कॉटिश शिकाऱ्यानें एक हजारावर हत्ती मारले. त्यांतले बहुतेक २७५ च्या रायफलीनें, जी मॅग्नम नव्हेच. गोळी १७३ ग्रेनांची, तोळ्याहूनहि किंचित् हलकी. मात्र घट्ट कवचाची आणि लांबट, म्हणून सरळ खोल जाणारी. बेलनें हत्तीची कवटी करवतीनें चिरून मेंदु नेमका कोठें असतो हें पाहून ठेवलें होतें. कोणत्याहि बाजूनें गोळी कोठें घातली असतां ती मेंदूंत पोंचेल हें त्याला डोळे मिटूनहि दिसे. त्याचें पाहून पुष्कळांनीं हलक्या रायफली घेतल्या, परंतु बेलची विद्या रायफलीबरोबर दुकानांत मिळत नव्हती. त्याचें मोकळें रान, न बुजलेले कळप आणि त्याचा शांत हात ह्या तिन्ही गोष्टी ज्याला नाहींत त्यानें तें उदाहरण घेऊं नये, असें मला वाटतें.

हाताचा विषय निघाला म्हणून धक्क्याविषयीं सांगतों. गोळी पुढें जाते तशी रायफल मागें येते. साधी ३०-०६ रायफल खांद्यास सुमारें २० फूट-पौंडांचा धक्का देते. ३७५ त्याच्या दुप्पट. आणि ४७० साठाच्या वर. हा धक्का दोन-चार वेळां खाल्ला कीं मनुष्याचें अंग तो येण्यापूर्वींच आकसतें. डोळा मिटतो, बोट चाप झटक्यानें ओढतें, आणि नेम गेला. दुकानांत ‘सर्वांत मोठें द्या’ म्हणून मागणारे पुष्कळ शिकारी रानांत ह्या कारणानेंच जनावर नुसतें जखमी करून येत.

जखमी जनावराचें पुढें काय होतें हें जिम कॉर्बेट ह्यांनीं सांगून ठेवलें आहे. १९०७ सालीं, म्हणजे त्या बंदीच्याच वर्षीं, त्यांनीं कुमाऊंतल्या चंपावत येथील वाघीण मारली. नेपाळांत आणि कुमाऊंत मिळून तिनें ४३६ माणसें मारल्याची नोंद त्यांनीं दिली आहे. मेल्यावर तिचें तोंड उघडून पाहिलें तों उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोनही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा हाडापर्यंत. कोणाची तरी जुनी गोळी. तिला रानांतलें भक्ष्य मारतां येईना म्हणून ती माणसांकडे वळली. तो बार कोणी टाकला, कोणत्या काडतुसानें, कोणत्या मापाच्या बंदुकीनें, हें कोणास कधींच कळलें नाहीं.

त्या दिवशीं कॉर्बेटपाशीं ५०० ची रायफल होती आणि काडतुसें होतीं तीन. दोन वाघिणीसाठीं, एक अडीअडचणीसाठीं, असा त्यांचा हिशेब. तीनहि संपलीं, वाघीण जखमी पण उभी; तेव्हां त्यांनीं तहसीलदाराची जुनी बंदूक मागून घेतली. तिचा सांधा इतका ढिला कीं नळी आणि पाठ ह्यांत पावणेचार दोऱ्यांची नव्हे, पण इंचाच्या तीन अष्टमांशाची फट होती ! तीच उडवावी लागली. ह्या कामगिरीबद्दल प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनीं त्यांस जी रायफल बक्षीस दिली ती रिग्बीची २७५. बेलच्या हातांतली तीच जात. मोठ्या वाघांसाठीं ते जोडनळीची ४५०/४०० वापरीत. तिची गोळी ४०० ग्रेनांची आणि वेग बेताचा. आपल्याकडच्या रानांस ही निवड योग्यच होती. मचाणावरून वाघ दिसे तो वीस-पंचवीस यार्डांवर. तेथें तीन हजार फुटांच्या वेगाचें काय काम? तो वेग हिमालयाच्या कड्यांवरच्या थारासाठीं आणि आफ्रिकेच्या मोकळ्या माळासाठीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सर्व व्यवहार अमेरिकेकडे गेला, आणि तेथें वेगवाल्यांचें राज्य आलें. कॅलिफोर्नियांतल्या रॉय वेदरबी ह्यांनीं १९४५ च्या सुमारास हॉलंडच्याच पट्ट्याच्या पुंगळ्या फुगवून आपलीं मॅग्नम काडतुसें तयार केलीं. मग विंचेस्टर आणि रेमिंग्टन ह्या मोठ्या कंपन्या उतरल्या. १९५८ सालीं ३३८, १९६२ सालीं सात मिलिमीटर रेमिंग्टन, १९६३ सालीं ३०० विंचेस्टर. हीं काडतुसें वाईट नव्हेत; ग्रे ह्यांच्या वेळच्या गोळीपेक्षां ह्यांच्या गोळ्यांची घडण पुष्कळ सुधारली आहे, आणि दूरच्या सांबराच्या जातीच्या जनावरांस तीं पुरेशीं आहेत.

पण मोठ्या जनावरांच्या बाबतींत तोच जुना धडा पुन्हां गिरवावा लागला. १९५६ सालीं विंचेस्टरनें ४५८ मॅग्नम काढलें. महागड्या विलायती जोडनळीचें काम स्वस्त अमेरिकन रायफलीनें व्हावें हा हेतु. जाहिरातींत ५०० ग्रेनांच्या गोळीस २,१३० फूट वेग छापला होता. परंतु साधारण लांबीच्या रायफलींत बसावें म्हणून पुंगळी आंखूड केली होती, आणि तेवढा वेग येण्यासाठीं तींत दारू दाबून ठांसावी लागे. ठांसलेली दारू कालांतरानें गोळा होई व नीट जळत नसे. मग वेग छापलेल्या आंकड्यापेक्षां पुष्कळ कमी भरे. जॅक लॉट ह्या अमेरिकन शिकाऱ्यास १९५९ सालीं मोझांबिकांत रानरेड्यानें लोळविलें, तेव्हां त्याच्या हातांत ४५८ च होती. तो वांचला, आणि घरीं येऊन विचार करूं लागला. १९७१ सालीं त्यानें ४५८ लॉट हें काडतूस सिद्ध केलें. त्यांत त्यानें केलें काय ? हॉलंडच्या १९१२ सालच्या ३७५ ची लांब पुंगळी घेतली आणि तिचें तोंड रुंद केलें. ह्या शतकाच्या आरंभास निघालेल्या आंखूड मॅग्नम काडतुसांनीं तर तो पट्टाहि टाकून दिला आहे. मूळचें ३७५ मात्र अजून जसेंच्या तसें बनतें, आणि आफ्रिकेंतल्या अनेक देशांत धोक्याच्या जनावरांसाठीं ह्याहून लहान माप चालत नाहीं असा नियम आहे.

आपल्या देशांत ह्यांतलें कोणतेंच काडतूस सामान्य मनुष्याच्या हातीं आलें नाहीं. संस्थानिकांच्या वाड्यांतल्या कपाटांत तीं राहिलीं. पिकाच्या राखणीसाठीं किंवा घराच्या रक्षणासाठीं परवाना काढणाऱ्या सामान्य माणसास मिळे ती ३१५ ची रायफल; स्वातंत्र्यानंतर ती सरकारच्या ईशापूर येथील कारखान्यांत होऊं लागली. गोळी २४४ ग्रेनांची, वेग २,००० फुटांच्या आसपास. हें काडतूस जुन्या ऑस्ट्रियन फौजेच्या मॅनलिकर रायफलीचें; तें हिंदुस्थानांत आलें तें येथल्या फौजेच्या ३०३ रायफलींत तें चालत नाहीं ह्या एका गुणावर. वेग कीं वजन हा प्रश्न त्याच्या निवडींत कोणी विचारलाच नाहीं. १९०७ च्या हुकुमाच्या मागें जी भीति होती तीच येथेंहि होती, आणि साहेब गेल्यावरहि ती निवड तशीच राहिली. ह्या ३१५ च्या पितळी पुंगळीचें बूड उलटून पाहिलें तर त्यावर ‘के. एफ्.’ अशीं दोन इंग्रजी अक्षरें ठोकलेलीं दिसतात. तीं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचीं, जो १८६९ सालीं उभा राहिला.